देव सोबत आहे म्हणता, मग हे काहून झालं?

हा प्रश्न आपल्या इकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हमखास येतो. कोणी तोंडावर विचारतं, कोणी काहीच विचारत नाही, फक्त रविवारी यायचं बंद करतं. सोयाबीन ऐन शेंगा भरायच्या वेळी पिवळं पडलं, कापसात बोंडअळी घुसली, घरातला कर्ता माणूस गेला, सावकाराचा माणूस दारात येऊन बसला, आणि चर्चमध्ये मात्र तेच चाललंय की देव आपल्यासोबत आहे, घाबरू नका. ऐकणाऱ्याच्या मनात येणारच ना, की सोबत आहे तर मग करते काय?

मी पाळक नाही, गावच्या छोट्या मंडळीत वचन वाचणारा माणूस आहे. पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे, आणि मला मनापासून वाटतं की बायबल यावर जे सांगते त्यातलं अर्धंच आपण लोकांपर्यंत पोचवतो, गोड अर्ध. उरलेलं अर्ध जास्त कामाचं आहे, म्हणून हे लिहितोय, होईल तितकं सोपं करून.

पहिले हे पाहू की देवानं वचन दिलंय तरी कशाचं. यशयाच्या ४३ व्या अध्यायात देव म्हणतो की तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, अग्नीतून चालशील तेव्हा भाजणार नाहीस. आता नीट वाचा, पाण्यातून जावंच लागणार नाही असं तिथं कुठंच म्हटलेलं नाही, उलट जावं लागणार हे धरूनच पुढचं बोलणं आहे. २३ वं स्तोत्र सगळ्यांना पाठ आहे, त्यातही मृत्युच्छायेची दरी वगळून जायचा रस्ता दाखवलेला नाही, त्या दरीतूनच रस्ता जातो आणि मेंढपाळ बरोबर चालतो. आणि डोंगरावरच्या उपदेशात येशूनं सांगितलं की बाप चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखाच पाऊस पाडतो. म्हणजे गारपीट पण वावराचा धुरा-बांध पाहून पडत नाही, की हे ख्रिस्ती माणसाचं वावर, इथून बाजूनं जा.

बऱ्याच घरात भिंतीवर एक कॅलेंडर असते, त्यावर यिर्मया २९:११ छापलेलं, की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. वचन खरंच आहे, पण ते कोणाला लिहिलं ते कॅलेंडरवर मावत नाही. ते पत्र आहे, यरुशलेमातून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं, घरदार गेलेल्या लोकांना. आणि त्याच्या आधीच्याच ओवीत लिहिलंय की ७० वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर वर्षं! ज्यानं ते पत्र पहिल्यांदा वाचलं असेल त्यातल्या म्हाताऱ्यांना कळलं असेल की आपण काही परत जात नाही, आपले नातवंडं जातील. आणि तोवर काय करायचं तेही त्याच पत्रात आहे, घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लेकराबाळांचे लग्नं करा, ज्या गावात आहात त्या गावासाठी प्रार्थना करा. देव सोबत असण्याचा हिशोब असा पिढ्यांमध्ये चालतो कधी कधी, आणि आपण तो एका हंगामात मागतो. मागू नये असं मी म्हणत नाही, पोट एका हंगामाचंच असते, पण वचनाचा आवाका तेवढाच आहे असं समजू नये.

आता जे उत्तर द्यायलाच नाही पाहिजे ते. कोणाच्या घरी संकट आलं की आपल्यातलाच एखादा भाऊ नाही तर बहीण हळूच म्हणते, "घरात काही पाप लपलेलं असन, तपासून पाहा." दुसरा म्हणतो विश्वास कमी पडला. मला हे ऐकलं की जीव जळतो. योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्यांनी जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून नेमकं हेच विचारलं, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापानं, आणि येशूनं दोन्हीला नाही म्हटलं. लूकच्या १३ व्या अध्यायात बुरूज पडून १८ माणसं दबून मेल्याची गोष्ट निघते, तिथं पण तो स्वतःहून विचारतो की ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटते का, आणि स्वतःच सांगतो की नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष चढून माणसं गेली, त्यात रोजीनं फवारायला गेलेले मजूर होते. त्यांच्या बायकांना जाऊन पापाचं गणित सांगणारा माणूस येशूच्या बाजूनं बोलत नाही, एवढं मी ठामपणे म्हणतो.

आणि विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांनी प्रेषित पौलाचं पाहावं. त्याच्या शरीरात काहीतरी दुखणं होतं, तो त्याला काटा म्हणतो, ते काढून टाक म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवणी केली. पौलापेक्षा जास्त विश्वासाचा माणूस कुठून आणायचा? तरी काटा निघाला नाही. उत्तर आलं ते हे की माझी कृपा तुला पुरे. प्रार्थना ऐकली गेली, उत्तरही मिळालं, फक्त मागितलेलं मिळालं नाही. असं होते, बायबलमध्येच होते, तर आपल्या गावात झालं म्हणून कोणाचा विश्वास मोजायला फूटपट्टी काढायची गरज नाही.

मग विश्वास ठेवायचा म्हणजे करायचं काय? इथं मला जे सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते येते. बायबलप्रमाणे दुःखात विश्वास ठेवणं म्हणजे देवाशी बोलणं चालू ठेवणं, आणि ते बोलणं तक्रारीचं असलं तरी चालते, रागाचं असलं तरी चालते. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली जवळपास एक तृतीयांश रडगाणीच आहेत, कोठवर, का, कुठं गेलास, माझ्याकडे तोंड का फिरवलंस. ही काही चोरून लिहिलेली कागदं नव्हती, देवळात सगळ्यांसमोर गायची गाणी होती. त्यातलं ८८ वं तर असं आहे की शेवटपर्यंत उजेडच येत नाही, बाकीच्या बहुतेक रडगाण्यांमध्ये शेवटी तरी "तरीपण मी तुझी स्तुती करीन" येते, हे मात्र अंधारावरच संपते. पण सुरुवात पाहा, पहिल्याच ओळीत तो म्हणतो हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा. ज्याच्यावर चिडलाय त्यालाच हाक मारतोय. ज्यानं मनातून नातं तोडलं तो भांडत नाही, तो गप्प होते. आणि हे स्तोत्र पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही, याचा अर्थ एवढा तरी घ्या की असं बोलणाऱ्याला देवाच्या घरात जागा आहे.

ईयोबाचं पुस्तक हेच सांगते, आणि ४२ अध्याय लावून सांगते. बैल गेले, गाढवं गेली, मेंढरं गेली, उंट गेले, चाकर मेले, दहा लेकरं एका दिवसात गेली, मग अंगभर फोड आले. त्याचे मित्र आले आणि धर्माच्या बाजूनं लंबे लंबे भाषणं दिले, देव न्यायी आहे, तू काहीतरी केलं असशील, कबूल कर. ईयोब मात्र देवाशीच भांडत राहिला, मला जन्माला कशाला घातलं इथपर्यंत बोलला. शेवटी देव बोलतो तेव्हा काय होते? चिडतो तो मित्रांवर. म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आणि विशेष म्हणजे ईयोबाला हे सगळं काहून झालं याचं कारण देव शेवटपर्यंत सांगत नाही. वाचणाऱ्याला पहिल्या अध्यायात माहीत पडते, ईयोबाला नाही. त्याला कारण मिळालं नाही, देवाची भेट मिळाली. मला तरुणपणी हे अपुरं वाटायचं. आता लोकांच्या घरी बसून बसून असं वाटते की ज्याचं लेकरू गेलं त्याला कारण सांगितलं तरी ते त्याच्या कामाचं नसतेच.

त्या मित्रांची एक गोष्ट मात्र चांगली होती आणि ती कोणी सांगत नाही. भाषणं सुरू करायच्या आधी ते सात दिवस सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर बसले, त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून कोणी एक शब्द बोललं नाही. तेवढंच करून घरी गेले असते तर देवाला चिडावं लागलं नसतं. आपल्या गावखेड्यात हे लोकांना शिकवावं लागत नाही, ख्रिस्ती घरं गावात पाच-दहाच असतात, पण मयत झाली की सगळ्या समाजाचे लोक येऊन ओट्यावर बसतात, कोणी चहाची बरणी आणते, कोणी भाकरी, शेजारचा न सांगता तुमच्या बैलांना पाणी पाजून येते. देवानं आपली सोबत पाठवायचे जे रस्ते ठेवलेत त्यातला हा मोठा रस्ता आहे असं मी मानतो, आणि तो फक्त ख्रिस्ती हातांनीच चालते असं नाही.

एलीयाची गोष्ट तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात वाचली पाहिजे, १ राजे, १९ वा अध्याय. मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर सगळ्यांसमोर जिंकलेला, आणि पुढच्याच पानावर राणीच्या धमकीनं पळतोय. चाकराला बैर-शेबाला मागे ठेवलं, एकटाच रानात एक दिवस चालत गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे. आपल्या जिल्ह्यांमध्ये ही वेळ किती घरांवर आली आहे ते मी वेगळं सांगायला नको. आता देव काय करते पाहा. रागवत नाही, विश्वास कुठं गेला म्हणत नाही, वचन पण सांगत नाही. त्याला झोपू देतो. मग दूत येऊन त्याला हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर, आपल्याकडे रोडगे भाजतात तशी, आणि पाण्याचं भांडं. खाल्लं, प्याला, परत झोपला. तरी काही म्हटलं नाही. दुसऱ्यांदा उठवलं आणि सांगितलं, खा, तुला लांब जायचं आहे. मग होरेब डोंगरापर्यंतचा तो ४० दिवसांचा प्रवास, वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी तो मंद आवाज, प्रवचनात आपण नेहमी तो आवाजच सांगतो. पण आवाजाच्या आधी दोनदा जेवण आणि दोनदा झोप आहे. खचलेल्या माणसाला देव आधी जेवू घालतो, बोलतो नंतर.

म्हणून ज्याच्या घरात कोणी रात्ररात्र झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, "आता नको वाटते" असं बोलत असेल, त्याला फक्त उपवास-प्रार्थनेला आणून भागत नाही. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवा, डॉक्टरकडे न्या. सरकारचा १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणारा, नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते. तिथं फोन करणं म्हणजे विश्वास सोडणं नाही, त्या झुडपाखाली आलेली भाकर पण कोणाच्या तरी हातातूनच आली होती. कर्जाचा मामला असेल तर कोणीतरी शिकलेला माणूस सोबत बँकेत आणि तहसीलमध्ये गेला पाहिजे, कागद नीट पाहिले पाहिजे. मंडळीनं हे काम केलं तर ती पण उपासनाच आहे.

अजून एक गोंधळ असते तो जाणिवेचा. लोक म्हणतात प्रार्थनेत काहीच वाटत नाही, कोरडं वाटते, म्हणजे देव गेला. १३९ वं स्तोत्र सांगते की आकाशात गेलो तरी तू तिथं, अधोलोकात अंथरूण टाकलं तरी तू तिथं, म्हणजे देवाचं असणं आपल्याला वाटण्या-न वाटण्यावर टांगलेलं नाही. मदर तेरेसांची पत्रं त्या गेल्यावर, २००७ साली, छापली गेली तेव्हा जगाला कळलं की कोलकात्यात मरणाऱ्या माणसांची सेवा करत असतानाच कितीतरी दशकं त्यांना देवाची जाणीव जवळपास होतच नव्हती. तरी रोज पहाटे प्रार्थनेला बसल्या, रोज कामाला गेल्या. काही लोकांना ते वाचून धक्का बसला, मला मात्र फार आधार वाटला. ज्याला उपासनेत अंगावर काटे येतात त्याचाच विश्वास खरा, हा समज त्या पत्रांनी मोडला.

आणि ख्रिस्ती विश्वासाचं सगळ्यात खोल उत्तर तर वधस्तंभावरच आहे. येशू मरताना ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. हे २२ व्या स्तोत्राचे शब्द आहेत, म्हणजे मरणाच्या वेळी त्याच्या तोंडात तेच रडगाणं आलं जे त्याच्या लोकांनी शेकडो वर्षं गायलं होतं. आपला विश्वास असा आहे की हा ओरडणारा माणूस स्वतः देव आहे. मग दुःखात देव कुठं असते याचं उत्तर असं, की तो वरून पाहत बसलेला नाही, तो इथून गेलेला आहे, उपाशीपणातून, खोट्या आरोपातून, मित्रांनी सोडून जाण्यातून, शरीराच्या वेदनेतून, आणि देवच दिसत नाही या वाटण्यातून सुद्धा. आपला मेलेला मित्र लाजर, त्याच्या कबरेपाशी तर तो रडला. थोड्याच वेळात त्याला उठवणार होता, तरी रडला. शेवट चांगला होणार आहे म्हणून आजचं रडणं फुकटचं ठरत नाही, हे मी तिथून शिकलो. तिसऱ्या दिवसाचं पुनरुत्थान आहेच, त्याच्यावरच सगळी आशा उभी आहे, पण शुक्रवार आणि शनिवार पण होते आणि शनिवारी शिष्यांना रविवार माहीत नव्हता.

आता हबक्कूक. जुन्या करारातलं तीन अध्यायांचं छोटंसं पुस्तक, सुरुवातच तक्रारीनं, मी किती ओरडू आणि तू ऐकणार नाहीस. शेवटी येता येता तो म्हणतो की अंजिराला फूल आलं नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. यादी पाहा, एक एक करून शेतकऱ्याचं सगळं मोजून गेलंय. पीक येईल म्हणून आनंद असं नाही म्हणत तो, नाही आलं हे मोजून झाल्यावर म्हणतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर हंगामाचा सण करतात, वावरात जे झालं त्यातलं पहिलं चर्चमध्ये आणायचं, पपया, कोहळे, आवळे, तुरीच्या शेंगा, पहिल्या वेच्याचा पांढराफेक कापूस, मग उपासनेनंतर त्याचा लिलाव. बोंडअळीच्या वर्षी टेबल अर्धं रिकामं होतं. तेव्हा एका विधवा बाईनं, कोरडवाहू वावर एकटीच्या जिवावर करणारी, पदरात बांधून कवडी कापूस आणला. पिवळा पडलेला, अळीनं खाल्लेला, सरकीला चिपकलेला, व्यापारी ज्याला हात लावत नाही तो. टेबलावर कोहळ्याच्या बाजूला पदर सोडून ठेवला, चिमटीनं त्यातला पालापाचोळा वेचून काढला आणि हात झटकले. पाळकांनी विचारलं, "बाई, हे?" तर म्हणाली, "यंदा हेच झालं ना बाप्पा. जे झालं ते त्याले दाखवा लागन, दुसऱ्याच्या वावरातलं आणून दाखवू काय." त्या दिवशी लिलावात त्या कापसावर बोली लावायला कोणाचं तोंड उघडेना, त्याची किंमत बोलायची हिंमत होत नव्हती. मी हबक्कूक त्याच्या आधीही बरेचदा वाचला होता, पण "तरी" कसा दिसते ते त्या टेबलावर पाहिलं.

आपल्या भागातल्या मिशनचा इतिहास पण दुष्काळातूनच जातो, १८९६-९७ आणि १८९९-१९००. कित्येक ख्रिस्ती घरांतले पणजोबा-पणजी मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले. त्या पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या, तेव्हा नागपूर त्या प्रांताची राजधानी होती, आणि उपाशी पोरी, विधवा बाया सोबत घेऊन गेल्या, पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना घर मिळालं. रमाबाईंना भूक पुस्तकातून माहीत नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीनं गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, हाती राहिली एक तान्ही पोर, मनोरमा. १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. विश्वास धरल्यावर दुःख थांबलं असं काही झालं नाही, १९२१ मध्ये ती एकुलती एक मनोरमा पण आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, ते हातावेगळं केलं आणि १९२२ मध्ये गेल्या. रमाबाईंच्या दुःखाचं कारण काय होतं हे मला सांगता येणार नाही. पण त्या रस्त्यावर पडलेल्या पोरींना उचलणारी बाई स्वतः तशीच रस्त्यावरून आलेली होती, त्या पोरींसाठी देवाची सोबत तिच्या रूपानं चालत आली.

एक गोष्ट पाळक लोकांना विनंती म्हणून सांगतो. आपल्या सभांमध्ये साक्ष फक्त जिंकलेल्यांची होते. आजार बरा झाला, नोकरी लागली, बोअरला पाणी लागलं. देवाची स्तुती होवो, हे पण ऐकायचंच आहे. पण ज्याचा बोअर कोरडा गेला तो मागच्या सतरंजीवर बसून ऐकत असते, आणि त्याला वाटते की देवाचं माझ्याकडे लक्ष नाही. त्याला पण उभं राहू द्या. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात राजाच्या मूर्तीला नमन करत नाहीत म्हणून भट्टीत टाकायची धमकी मिळालेले तिघं जण राजाला म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" भट्टीच्या बाहेर उभं राहून म्हटलेलं आहे, निकाल माहीत नसताना. माझ्या मते ती पूर्ण साक्ष आहे, तिला पुढच्या चमत्काराची वाट पाहायची गरज नाही.

ज्याला आत्ता काहीच सुचत नाही, प्रार्थनेला शब्द नाहीत, त्यानं शब्द शोधत बसू नये. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात लिहिलंय की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अशा कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करते जे शब्दात सांगता येत नाही. कण्हणं पण चालते तर. नाहीतर १३ वं स्तोत्र घ्या, सहाच ओव्या आहेत, कंदिलाच्या उजेडात पण वाचून होते. पहिल्या दोन ओव्यांमध्ये चारदा "कोठवर" आहे, ते मोठ्यानं वाचा, घरातल्यांनी ऐकलं तरी ऐकू द्या. पाचव्या ओवीत भरवशाची गोष्ट आहे. तिथपर्यंत जीभ वळत नसेल तर दुसरीवर थांबा आणि पुस्तक मिटून झोपा, उद्या परत पहिलीपासून.